युद्ध न करता शत्रुराष्ट्राला रोखण्यासाठी सरकारं निर्बंध कसे वापरतात? त्याचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही म्हणता की रशियावर, इराणवर इतकी वर्षं निर्बंध आहेत तरी दोघंही उभे आहेत, मग हा सगळा देखावाच म्हणायचा का? देखावा त्यात असतोच. सरकारला काहीतरी केल्याचं दाखवायचं असतं, सैन्य पाठवायचं नसतं, आणि नुसता निषेध नोंदवला तर घरचेच लोक हसतात. अशा वेळी निर्बंध सोयीचे पडतात. पण मारही बसतो. फक्त तो टीव्हीवर दाखवतात तिथे बसत नाही.

मी बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (जहाजवाल्याची मालाची पावती), एलसी (बँकेचं हमीपत्र) हे माझं रोजचं काम. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास म्हणाल तर हौसेने केलेल्या वाचनापुरता. पण निर्बंध शेवटी ज्या टेबलावर येऊन आदळतात त्या टेबलाशी मी बसते, आणि तिथून एक गोष्ट स्वच्छ दिसते: हुकूम सरकार काढतं, पण तो राबवते बँक. तिच्या जोडीला विमा कंपनी आणि जहाजवाला. ही मंडळी कायद्याच्या कलमांपेक्षा भीतीवर जास्त चालतात. निर्बंध कुठे चालतात आणि कुठे फसतात, याचं निम्मं उत्तर त्या भीतीत आहे.

कायद्याचं आधी उरकते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं 41वं कलम सुरक्षा परिषदेला सैन्य न वापरता व्यापार, पैसा, दळणवळण तोडायला लावण्याचा अधिकार देतं. या मार्गाने सक्तीचे निर्बंध पहिल्यांदा लागले ते 1966 मध्ये, ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या राजवटीवर. ते सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक असतात. आपल्याकडे त्यांच्या अंमलबजावणीसाठी 1947 चा कायदा आहे. पण परिषदेत पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला की गाडं अडतं. म्हणून हल्ली ज्यांच्या बातम्या येतात ते बहुतेक निर्बंध एकतर्फी असतात: अमेरिकेचे, युरोपीय संघाचे, ब्रिटनचे. एकतर्फी निर्बंध आम्ही मानत नाही, ही भारताची जाहीर भूमिका. भूमिका रास्त आहे. पण आमच्या कारखान्याचे पैसे डॉलरमध्ये येतात, आणि डॉलरला दिल्लीची भूमिका माहीत नसते.

शारजाच्या ग्राहकाने बडोद्याच्या विक्रेत्याला डॉलर पाठवले तरी हिशेब बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या बँकांच्या खात्यांतून फिरून येतो. म्हणजे अमेरिकी कायद्याच्या हद्दीतून. तिथल्या अर्थखात्याचं ‘ओफॅक’ नावाचं कार्यालय आहे. कोरियन युद्धात चीन उतरल्यावर 1950 साली ते सुरू झालं. ते एक यादी ठेवतं. यादीत नाव चढलं की अमेरिकेच्या आवाक्यातली तुमची मालमत्ता गोठते आणि अमेरिकी माणसांना, बँकांना तुमच्याशी व्यवहार बंद. पुढची पायरी दुय्यम निर्बंधांची: तुम्ही अमेरिकी नसलात तरी यादीतल्या माणसाशी मोठा व्यवहार केलात तर तुमचंही दार बंद. सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार अमेरिकी बँकिंगमधून लपवून फिरवल्याबद्दल फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेला 2014 मध्ये जवळजवळ 9 अब्ज डॉलर भरावे लागले. तो आकडा जगातल्या प्रत्येक बँकेच्या संचालकांनी वाचला असणार. नंतर नियमपालन बघणाऱ्या कंप्लायन्स खात्याला जो मान मिळाला तो कर्ज देणाऱ्या खात्यालाही कधी मिळाला नसेल.

आमचंच एक पेमेंट असं अडकलं होतं. ग्राहकाच्या कंपनीतल्या एका भागीदाराचं नाव यादीतल्या कुणाशी तरी जुळत होतं. नाव असं की आखातात एका गल्लीत दहा सापडतील. बँकेतून फोन आला: “स्क्रीनिंगला हिट आलाय.” मग जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, द्या, माल शेवटी कुठल्या प्रकल्पात बसणार ते लिहून द्या, भागीदाराच्या पासपोर्टची प्रत द्या. माल होता समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पासाठी. आमचे शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “बेन, आ तो पाणीनो वाल्व छे, बॉम्ब थोडो छे!” पैसे आले शेवटी, पण दरम्यान पुढची ऑर्डर गेली. बँकेतल्या त्या मुलाचा मला राग नाही. त्याने अडवलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही. सोडलं आणि पुढे काही निघालं तर नोकरी जाते. असा हिशेब समोर असेल तर तुम्हीआम्हीही अडवूच.

औषधांचं तर याहून विचित्र आहे. बडोदा, हालोल, नंदेसरी हा सगळा औषधांचा आणि रसायनांचा पट्टा. इराणवर अमेरिकेचे कितीही निर्बंध असले तरी औषधं आणि अन्नधान्य त्यातून कागदोपत्री वगळलेलं असतं. पण पैसे आणायला बँक तयार होत नाही. औषधाला परवानगी आहे, पैशाला रस्ता नाही. सुरक्षा परिषदेने डिसेंबर 2022 मध्ये मदतकार्याला स्वतःच्या निर्बंधांतून सरसकट सूट देणारा ठराव केला, तो याच अडवणुकीला कंटाळून. एकतर्फी निर्बंधांना मात्र तो ठराव लागू पडत नाही.

ही भीती सरकारच्या हाती केवढं हत्यार देते याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला मकावचा आहे. सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकी अर्थखात्याने तिथल्या बांको डेल्टा एशिया नावाच्या छोट्या बँकेवर उत्तर कोरियाचा काळा पैसा फिरवल्याचा ठपका ठेवला. अजून नुसता ठपकाच. पण ठेवीदारांची रांग लागली, मकावच्या सरकारला बँक ताब्यात घ्यावी लागली, आणि उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर गोठले. रक्कम देशाच्या मानाने किरकोळ. खरा तडाखा वेगळाच होता. ज्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं अशा इतर बँकांनीही उत्तर कोरियाची खाती बंद करायला सुरुवात केली. वर्षभरात, ऑक्टोबर 2006 मध्ये, त्या देशाने पहिली अणुचाचणी केली. मग वाटाघाटी झाल्या, आणि अमेरिकेने ते अडीच कोटी परत द्यायचं मान्य केलं. आता मजा बघा: पैसे परत पाठवायला बँकच मिळेना. अमेरिकी सरकार स्वतः सांगतंय की या पैशाला हात लावलात तर आम्ही काही करणार नाही, तरी कुणी धजावेना. अखेर 2007 मध्ये ते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेमार्फत रशियाच्या बँकांतून फिरवून पोचवावे लागले.

निर्बंधांतला सगळ्यात मोठा दोष मला इथेच दिसतो. समोरच्याने ऐकलं तर बक्षीस म्हणून निर्बंध उठवायचे असतात. पण बसलेली भीती सरकारी आदेशाने उठत नाही. 2015 च्या अणुकरारानंतर इराणवरचे निर्बंध जानेवारी 2016 मध्ये सैल झाले, तरी मोठ्या युरोपीय बँका लांबच राहिल्या. 2018 मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले तेव्हा युरोपला इराणशी व्यापार चालू ठेवायचा होता. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने 2019 मध्ये त्यासाठी ‘इन्स्टेक्स’ नावाची खास यंत्रणा उभी केली, डॉलरला वळसा घालणारी. तीन बलाढ्य सरकारं पाठीशी असूनही तिच्यातून फक्त एक व्यवहार पार पडला, वैद्यकीय मालाचा, 2020 मध्ये. 2023 मध्ये ती गुंडाळली. आणि इराण? करारात 3.67 टक्क्यांपर्यंतच युरेनियम समृद्ध करायची मुभा होती. 2021 पासून तो 60 टक्क्यांवर गेला. ऐकूनही पदरात काही पडत नाही असं दिसलं की कोण कशाला ऐकेल?

आता तेल. गुजरातेत राहून हा विषय टाळता येत नाही. आमच्या शेजारची कोयलीची रिफायनरी साठच्या दशकात सोव्हिएत मदतीने उभी राहिली, आणि देवभूमी द्वारकेतल्या वाडिनारच्या रिफायनरीत आज रशियाच्या रोसनेफ्ट या तेलकंपनीचा 49.13 टक्के वाटा आहे. हा आकडा नीट बघा. ओफॅकचा नियम असा की यादीतल्याची मालकी पन्नास टक्के किंवा जास्त असेल तर ती कंपनीही आपोआप यादीत गेल्यासारखीच. 49.13 मागे काय हिशेब असेल ते सांगायला नको. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेने रोसनेफ्टलाच यादीत घातलं तेव्हा या 49.13 ची किंमत कळली: वाडिनारची नायरा एनर्जी आपोआप त्यात ओढली गेली नाही.

युरोपचं वेगळं. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या अठराव्या फेरीत नायराचं थेट नाव घेतलं. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा बंद केल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःचे ईमेल उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. कंपनी भारतातली, सेवा देणारी अमेरिकेतली, निर्बंध युरोपचे. अमेरिकेने तेव्हा तसं काही सांगितलेलंही नव्हतं. मकावला जे झालं तेच, फक्त या वेळी बँकेच्या जागी सॉफ्टवेअर कंपनी होती.

तेलाच्या दरमर्यादेची कल्पना मात्र हुशारीची होती, हे मान्य करायला हवं. रशियाचं तेल बाजारातून पूर्ण काढून टाकलं असतं तर भाव भडकले असते आणि रशियाने कमी तेल विकून जास्त पैसे मिळवले असते. म्हणून जी-7 आणि मित्रदेशांनी 5 डिसेंबर 2022 पासून पिंपाला 60 डॉलरची मर्यादा घातली. त्याहून स्वस्त घ्या, आमची जहाजं आणि आमचा विमा वापरा. महाग घेतलंत तर स्वतःची सोय स्वतः बघा. जगातल्या समुद्री मालवाहतुकीचा सुमारे नव्वद टक्के दायित्व विमा बारा विमा मंडळांच्या एका गटाकडे आहे, आणि त्यातली बहुतेक मंडळं पाश्चात्त्य देशांतली. म्हणजे नाडी पुन्हा विम्याच्या हातात. काही काळ ते चाललं. मग रशियाने जुनी टँकर विकत घेऊन आपला वेगळाच ताफा उभा केला, झेंडा कुठल्यातरी तिसऱ्याच देशाचा आणि विमा कुणाचा कोण जाणे. युद्धाआधी भारताच्या तेलआयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो पुढे एक तृतीयांशावर गेला. सवलतीचं तेल घेऊन आपण रशियाला वाचवलं असं युरोपातले लोक म्हणतात. पण मर्यादेची आखणीच अशी होती की तेल वाहत राहावं, भारताने ते स्वस्तात घ्यावं. नंतर त्यासाठीच बोट दाखवणं मला पटत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने याच कारणाने आपल्या मालावर वाढीव 25 टक्के शुल्क लावलं, तेव्हा मकरपुऱ्यात कित्येकांनी अमेरिकेच्या ऑर्डरींची फाइल पुन्हा उघडून बघितली.

पैशानंतर मालाकडे येते, कारण धोका रोखायचा म्हणाल तर मला हा भाग जास्त खरा वाटतो. साधा व्हॉल्व्ह घ्या. त्याच्या आतल्या भागाला उच्च निकेलचा मिश्रधातू किंवा फ्लोरोपॉलिमरचं अस्तर असेल तर तो अतिशय गंजवणारी रसायनं सहन करतो. खतकारखान्याला तो लागतो, कीटकनाशकवाल्याला लागतो आणि विषारी वायूचं शस्त्र बनवणाऱ्यालाही लागतो. म्हणून ठराविक मापाच्या वरचे असे व्हॉल्व्ह ऑस्ट्रेलिया ग्रुप या देशगटाच्या नियंत्रण यादीत आहेत, आणि भारतात ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित मालाच्या यादीत. त्यासाठी डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो, माल कशासाठी वापरणार ते लिहून देणारं एंड-यूज सर्टिफिकेट खरेदीदाराकडून लागतं. हे काम किचकट आहे, पण मी त्याला नावं ठेवणार नाही. कुठल्या देशावर राग आहे म्हणून सगळंच बंद करण्यापेक्षा नेमका कुठला तुकडा अडवला तर कुठलं शस्त्र अडतं, असा विचार त्यात आहे. रशियाबाबतही पाश्चात्त्य देशांनी क्षेपणास्त्रं-ड्रोनमध्ये सापडणाऱ्या चिप, बेअरिंग, सीएनसी यंत्रांच्या सुट्या भागांच्या पन्नास एचएस कोडची (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकांची) यादी काढली. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेने ज्या 19 भारतीय कंपन्यांची नावं जाहीर केली त्यांतल्या कित्येकांवर अशाच वस्तू रशियाला पुरवल्याचा आरोप होता. त्यानंतर आमच्याकडे नवा ग्राहक आला की मी आधी बघते ती त्याची नोंदणीची तारीख. 2022 नंतर अचानक निघालेली, वेबसाइट नसलेली, फक्त बेअरिंग आणि सर्किट मागणारी कंपनी असली की माल पाठवायची व्यवस्था करणारा फॉरवर्डरही हात वर करतो.

अडवलेला तुकडा कायमचा अडत नाही, हे आपण भारतीयांनी इतरांपेक्षा चांगलं ओळखायला हवं. 1992 मध्ये अमेरिकेने इस्रोवर आणि रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉस या अंतराळ संस्थेवर रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारापायी निर्बंध लावले. 1993 मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं. आपल्या इंजिनाने जीएसएलव्ही रॉकेट यशस्वीपणे उडालं ते जानेवारी 2014 मध्ये. निर्बंध जिंकले की हरले? वीस वर्षांचा उशीर झाला, हे खरं. इंजिन तयार झालं, हेही खरं. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतरचे निर्बंध तर 2001 मध्ये उठलेसुद्धा. मधल्या काळात स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांकडून रोख्यांमार्फत 4 अब्जांहून जास्त डॉलर उभे केले होते. 2018 मध्ये भारत त्याच ऑस्ट्रेलिया ग्रुपचा सदस्य झाला. ज्याला रोखायचं तोच राखणदार झाला.

म्हणून ‘उपयोग होतो का’ याला माझं उत्तर मागणीवर अवलंबून आहे. मागणी छोटी आणि स्पष्ट असेल तर होतो. लिबियाने लॉकरबी विमानस्फोटातले दोन संशयित द्यावेत ही मुख्य मागणी होती. 1992 मध्ये निर्बंध लागले, 1999 मध्ये त्याने माणसं सोपवली आणि निर्बंध स्थगित झाले. राजवट बदला, जिंकलेला मुलूख सोडा, असली मागणी असेल तर फार आशा ठेवू नये. क्यूबावर 1962 पासून अमेरिकेची व्यापारबंदी आहे. इटलीने 1935 मध्ये ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) चढाई केली तेव्हा त्या वेळच्या राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, पण त्यातून तेल वगळलं आणि सुएझ कालवा उघडा ठेवला; मुसोलिनीने आरामात युद्ध संपवलं. रशियाचे सुमारे 300 अब्ज डॉलर 2022 मध्ये गोठले, आधी सात आणि मग आणखी काही बँका स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून बाहेर गेल्या, तरी त्याची अर्थव्यवस्था त्या वर्षी जराशी आकसून पुढच्या वर्षी वाढली. युद्ध थांबलं नाही. ते महाग मात्र झालं. सुटे भाग आडवाटेने, जास्त पैसे मोजून आणावे लागतात, ग्राहक थोडे उरल्याने तेल सवलतीत द्यावं लागतं. धोका टळला नाही, पण त्याचा वेग कमी झाला, एवढंच मी प्रामाणिकपणे म्हणू शकते. आणि 1990 नंतरच्या इराकमध्ये सामान्य माणसाची जी ससेहोलपट झाली ती आठवली तर सरसकट निर्बंधांची बाजू मला घेववत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, भारत हे हत्यार का वापरत नाही? वापरतो की. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी. पुलवामानंतर 2019 मध्ये पाकिस्तानचा सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा काढून 200 टक्के शुल्क लावलं. पहलगामनंतर 2 मे 2025 रोजी तिथून थेट किंवा तिसऱ्या देशातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी आली. दुसऱ्याच महिन्यात डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) न्हावा शेवाला 39 कंटेनर पकडले, 1,115 टन माल, दुबईमार्गे आलेला, कागदांवर मूळ देश अमिराती. त्यात खारकाही होत्या. बंदी आली की माल रस्ता बदलतो, हा नियम आपल्यालाही लागू. शिवाय पाकिस्तानशी आपला व्यापार 2019 पासूनच नगण्य होता, त्यामुळे तोडायला फारसं काही उरलंच नव्हतं. ज्याच्याशी तुमचा व्यवहारच नाही त्याला व्यवहार तोडून काय धाक दाखवणार?

चीनच्या बाबतीत उलटं आहे. तिथे व्यवहार भरपूर, पण दोरी त्यांच्या हातात. 2020 मध्ये आपण 59 ॲप बंद केले, शेजारी देशांच्या गुंतवणुकीला आधी मंजुरी घ्यायला लावली. पण औषधांचा कच्चा माल तिकडूनच येत राहिला, हे हालोलच्या कुणालाही विचारा. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला. त्याला निर्बंध असं कुणी म्हटलं नाही. वाहनउद्योगातले भारतीय खरेदीदार मात्र चुंबक लष्करी कामासाठी वापरणार नाही असं लिहिलेलं एंड-यूज सर्टिफिकेट घेऊन बीजिंगच्या मंजुरीची वाट बघत बसले.